दहा वाजता मावळणारा सूर्य

आमची क्षमाआक्का डेन्मार्कच्या एका फुटबॉल क्लबात फॉरवर्ड आहे, जर्सी नंबर नऊ, हे मी निपाणीत भेटेल त्याला सांगते. कोथिंबीरवाल्या जयाबाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "पगार देत्यात न्हवं? मग खेळू दे की!"

पण आक्का तिकडे जाऊ शकली ती माझ्या हुशारीमुळे, आणि तिकडे उपाशी राहिली तीही माझ्याच हुशारीमुळे.

आमच्या घरात सूर्य मावळला की जेवण बंद. आम्ही जैन. अंधारात ताटात पडलेला किडा दिसत नाही आणि नकळत जीव जातो, म्हणून. आज्जा तर या बाबतीत इतके पक्के, की आक्काला शनिवार-रविवार बेळगावला प्रॅक्टिसला न्यायचे तेव्हा परतीच्या वाटेवर संकेश्वरच्या स्टँडवर दिवस असतानाच डबा उघडायचे. भाकरी आणि काकवी. काकवीशिवाय आज्जांना घास जात नाही. सात वर्षं असं केलं त्यांनी. त्यामुळे जुलैत क्लबचं पत्र आलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली.

"जा. पण दिवस मावळायच्या आत जेवायचं."

आक्काचं तोंड एवढंसं झालं. मी लगेच मोबाईल काढला. नववीत भूगोलात माझ्यापुढे कोण नाही! "आज्जा, तिथं सूर्य रात्री दहाला मावळतोय!"

"दहाला?" आज्जा एवढे हसले की त्यांची टोपी खाली पडली. "मग काय काळजी गं!"

दुसऱ्या दिवशी बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, देवासमोर हात जोडून आक्कानं नियम घेतला. आम्ही तिघंही खूश. हिवाळ्याचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्यासुद्धा नाही, आणि मी म्हणे भूगोलात पहिली.

सप्टेंबरपर्यंत आक्कानं चार गोल मारले. नोव्हेंबरात मात्र ती राखीव खेळाडूंच्या बाकावर दिसू लागली. सलग तीन मॅचमध्ये बाकावर. व्हिडिओ कॉलवर तिची गालाची हाडं वर आलेली दिसली.

"आक्का, जेवत्यास का न्हाय?"

"जेवते की."

"कधी?"

तिनं खिडकीकडे मोबाईल फिरवला. रविवार होता, प्रॅक्टिसला सुट्टी; बाहेर काळोख, आणि तिथल्या घड्याळात फक्त साडेचार.

मग सगळं बाहेर आलं. प्रॅक्टिस चार ते सहा. तिथं आता चारलाच सूर्य मावळतो. साडेतीनला पोटभर खाल्लं की मैदानावर उलटी होते. म्हणून ती दुपारी बाराला जेवायची आणि मग थेट दुसऱ्या दिवशी सकाळी. कोच म्हणाला होता, तुझ्या पायात जोर राहिला नाही, पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही ते डिसेंबरात बघू.

"आज्जांना सांगू नकोस हं, ब्राह्मी. सात वर्षं बसमध्ये बसले माझ्यासाठी. बदल्यात मागून मागितलं काय, तर एवढंच."

मी "नाही सांगत" म्हणाले. दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी साडेपाचला आज्जा जेवायला बसले, भाकरीवर काकवीची धार धरली, आणि माझं तोंड सुटलं.

"आज्जा, माझं चुकलं."

सगळं सांगून झालं तेव्हा धार थांबली होती. आज्जांनी ताट बाजूला सारलं.

"पोर महिनाभर अर्धपोटी पळत्या?"

"व्हय."

"मग आपल्या निपाणीच्या सूर्यावर जेवू दे की तिला!"

"आज्जा, इथं सहा वाजले की तिथं दुपारचे दीड वाजतात. आणखी वांदे!"

आज्जांनी मला विचारलं, "तिथं किडं-मुंग्या लई हाईत का गं?"

"थंडीत माणसंच दिसत नाहीत रस्त्यावर. किडं कुठले?"

"चल, ऊठ," आज्जा म्हणाले. "देवासमोर घेतलेला नियम देवासमोरच उतरवाय पायजे. लाव तिला फोन."

आम्ही तसेच बस्तीत गेलो. पायरीवर उभं राहून मी मोबाईल धरला. त्यात आक्का, बूट हातात घेतलेली, आधी हसरी आणि मग आज्जांना बघून पांढरीफटक.

आज्जा देवाला म्हणाले, "नातीला नियम मी घालून दिलता. तिकडचा दिवस केवढा ते न बघताच दिलता. चूक माझी. तिचा नियम आजपासनं मी उतरवला. त्याच्या बदल्यात ती घरी येईस्तोवर मी काकवी सोडली."

"आज्जा, नको!" आक्का रडायलाच लागली. "तुम्हाला भाकरी जायची न्हाय!"

"मला कुठं गोल मारायचाय?" आज्जा म्हणाले. "तू दिवा लाव, ताट नीट बघ, आणि पोटभर जेव. ऐकलंस?"

"व्हय."

"मोठ्यानं."

"व्हय, आज्जा!"

बाहेर आलो तर सूर्य मावळलेला. आज्जांचं भरलं ताट घरी तसंच राहिलं. मी म्हटलं, आज तरी जेवा. ते म्हणाले, "तिचा सुटला गं. माझा हाय की." आणि पाणीसुद्धा न पिता पडून राहिले. मला रडू आलं आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदम.

सकाळी मोबाईलवर आक्काचा फोटो आला होता. दिव्याखाली भरलेलं ताट, मुगाची खिचडी, आणि खाली लिहिलेलं, "तपासलं. किडा न्हाय."

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी मॅच होती, आमच्याकडे साडेपाचला. आज्जा ताट घेऊन माझ्या शेजारी बसले. ताटात भाकरी आणि डाळ. शेवटच्या वीस मिनिटांसाठी नऊ नंबर आत आली. एक शॉट खांबाला लागला, मी किंचाळले. गोल काही झाला नाही. डिसेंबरात कोच काय म्हणेल, देव जाणे.

आज्जा कोरडा घास हळूहळू चावत होते. नजर स्क्रीनवरून हलत नव्हती.

"पळत्या बघ," ते म्हणाले. "जेवल्यागत पळत्या."