मिनायोच्या वाफ्यातली बुरशी

मी एक जुनी बुरशी आहे, मित्रांनो. नाक मुरडून झाले असेल तर पुढे सांगते. शिळ्या भाकरीवर चढते ती मी नव्हे. मी जमिनीखाली राहते, चवळीच्या आणि कांद्याच्या मुळांत शिरते. मुळे जिथवर पोहोचत नाहीत तिथून त्यांना पाणी आणि अन्न आणून देते. त्या बदल्यात ती मला साखर देतात. मी कुणाचे फुकट खात नाही.

मारागोलीच्या टेकड्यांवर, मिनायोच्या आईच्या परसात माझा जन्म झाला. माझे सोबती जिवाणूही तिथलेच. ते चवळीच्या मुळांवर गाठी करून राहतात आणि हवेतला नत्र झाडाला पचेल असा करून देतात.

मिनायोचे लग्न झाले. सासूने, म्हणजे कगेहाने, तिला चुलीमागचा वाफा दिला. तो आधीच थकलेला होता. कगेहा त्यात वर्षानुवर्षे फक्त सुकुमाची पालेभाजी लावत आली होती. सुकुमा कोबीच्या कुळातली. तिचे आणि माझे कधी जमत नाही, त्यामुळे तिथे माझे नातलग उरले नव्हते. मिनायोची चवळी पिवळी पडली. "हिच्या हाताला गुणच नाही," असे शेजारणी बोलू लागल्या. नव्या सुनेला त्या घरात पाय रोवायचे तर वाफा फुलायलाच हवा होता.

म्हणून तिने माहेरून चवळीची मुळे मातीसकट केळीच्या पानात बांधून आणली. वाटेत माझे कितीतरी धागे तुटले. तुटू देत. तुटल्या धाग्यातूनही मी वाढते.

ती मुळे पुरत होती तेवढ्यात कगेहा मागे येऊन उभी राहिली आणि गाठी पाहून दचकली. आमच्याकडे दुसऱ्याच्या परसात गाठ पुरणे म्हणजे करणीच.

"मुळांना गाठी मारून आणल्यास? माझ्या घरात काय पुरतेस गं?"

"खत पुरतेय, आई. गाठी मी नाही मारल्या, त्या आपल्या आपण धरतात."

"धरतात म्हणे. काढ ते आत्ताच्या आत्ता. नाहीतर त्याच्याबरोबर तूही चालू लाग."

मिनायोने चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली. मातीची शपथ आमच्याकडे कुणी गंमत म्हणून घेत नाही.

"करणी असली तर आधी मला बाधेल. शेंगा धरेपर्यंत मी इथून हलणार नाही."

"बरं. मग निम्म्या वाफ्यात मीही चवळीच पेरते. बघू कुणाची तगते."

पुढे पावसाने दडी मारली. कगेहाच्या चवळीने माना टाकल्या. मी मात्र हट्टाला पेटले होते. खोल खोल जाऊन जिथे म्हणून ओल सापडली तिथून ती ओढून आणली. मिनायोची चवळी शेंगांनी वाकली.

चुकले, असे कगेहा म्हणाली नाही. एके सकाळी ती केळीचे पान घेऊन वाफ्याशी येऊन बसली.

"तुझ्या नणंदेचाही वाफा पिवळा पडलाय. जरा ती गाठींची माती दे बांधून."

"आणि तिच्या सासूने विचारलं तर, आई?"

"विचारू दे. मी पण माती खाईन."

मित्रांनो, मला तुमची दया नको. जमीन सारखी उकरू नका, तिला उघडी टाकू नका, एकच एक भाजी लावून तिला थकवू नका. एवढे करा आणि मग मला खुशाल नावे ठेवा. आज मी पुन्हा केळीच्या पानात आहे, कगेहाच्या डोक्यावरच्या टोपलीत. वाटेत धागे तुटताहेत. तुटू देत.