आपली मतं बाद

लाँड्रीत तिला सगळे भोंगा म्हणत. आवाजच तसा होता, जाड, खरखरीत, उरातून उसळणारा. नाजूक गळ्यांना चटावलेल्या रेडिओच्या साहेबाने आवाजाच्या चाचणीत तो ऐकून नाक मुरडलं होतं. देशोदेशीच्या गाण्यांच्या रेडिओ स्पर्धेला तो आपली लाडकी गायिका पाठवणार होता. ती ऐनवेळी रुसली, म्हणून त्याने हिचं गाणं पाठवलं. वर ऐकवलंही, "जागा रिकामी दिसायला नको, एवढ्यासाठीच हं!" जणू भीक घालत होता.

त्या दिवसापासून भोंग्याने एकच धरलं. जिंकायचं. या माणसाचं नाक ठेचायचं.

मतं फोनवरून द्यायची होती. भोंग्याच्या वहिनीने कंबर कसली. शेजारी, व्याही, नवऱ्याचा तो मावसभाऊ, ज्याच्याशी तिने लग्नापासून अबोला धरला होता, कुणालाच सोडलं नाही. लाँड्रीतल्या बायकांनी इस्त्र्या उभ्या करून आळीपाळीने फोन लावले.

निकालाच्या दुपारी चादरींच्या ढिगावर रेडिओ ठेवला. निवेदकाने आधी नियम वाचला. आपल्याच देशाच्या गाण्याला दिलेली मतं बाद.

"म्हणजे?" वहिनी.

"म्हणजे तुझी सगळी मेहनत पाण्यात," दादा म्हणाला. भोंग्याचा हा थोरला भाऊ लाँड्रीची गाडी चालवायचा. "घरचेच बाद, मग हिला विचारतंय कोण? परक्यांना काय पडलंय?"

"अहो, तोंड आवरा! उगाच बोलले मी तुमच्या त्या मेल्या मावसभावाशी!"

घडी घालायची चादर भोंगा नुसतीच चुरगाळत होती. दादा खोटं बोलत नव्हता. तिकडे ना ओळख ना पाळख, भिडेखातर मत देणारं कुणी नाही.

पहिल्या देशाने दुसरंच गाणं उचललं. दादाने मान हलवली. दुसऱ्याने मात्र भोंग्याला पहिलं ठेवलं. तिसऱ्यानेही. मग बांध फुटला. तिच्या भाषेचं एक अक्षर न कळणारी माणसं एकामागून एक तिच्या बाजूने उभी राहिली. शेवटचा देश बोलायच्या आतच ती जिंकली होती. आणि कशी? घरचं एक मत न घेता. नात्याचा टेकू नाही, कुणाचे उपकार नाहीत. निव्वळ गळा.

दादा डोळे पुसत खेकसला, "बघताय काय? टाळ्या वाजवा की!"

तेवढ्यात फोन वाजला. साहेब. आवाजात साखर.

"अभिनंदन ताई! सगळे देश लाइनवर आहेत, गाणं पुन्हा हवंय, आत्ता, फोनवरच. फक्त जरा मऊ आवाजात गा हं."

"मऊ हवं असेल तर उशी घ्या," ती म्हणाली. "मी माझ्या आवाजात गाणार."

बायकांनी पटापट बटणं दाबली. यंत्रं थांबली. मालक आतून ओरडत आला, "मशीन कुणी बंद केली?"

"मालक," वहिनी कडाडली, "श्वाससुद्धा हळू घ्या!"

भोंग्याने छाती भरून हवा घेतली आणि पहिल्याच ओळीला असा सूर लावला, की पलीकडच्या साहेबाला फोन कानापासून लांब धरावा लागला.