दाराआडचं जेवण

जेवायची वेळ झाली की ती दोन दारं लावायची. आधी आजाऱ्याच्या खोलीचं, मग स्वयंपाकघराचं. त्यानंतर मागच्या गॅलरीत, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी उभी राहून ती जेवायची. जेवायची म्हणजे काय, ब्रेडचे तीन तुकडे आणि सकाळी उकडून ठेवलेला गारढोण बटाटा. चार मिनिटांत आटपायचं. मग खळखळून चूळ भरायची, हात साबणाने दोनदा धुवायची आणि दारं उघडून पुन्हा नवऱ्याच्या उशाशी जायची.

असं चौदा महिने चाललं होतं.

अर्धांगाचा झटका आला तेव्हा नवऱ्याची उजवी बाजू गेली, वाचा गेली आणि गिळणंही गेलं. समज मात्र लख्ख राहिली. एका नाकपुडीतून पोटापर्यंत नळी घातली होती. दर तीन तासांनी अडीचशे मिलिलिटर पातळ अन्न, त्यामागून तीस मिलिलिटर पाणी, पलंगाची उशाकडची बाजू पंचेचाळीस अंशांत उचललेली. पाणीशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत तिने तीस वर्षं काढली होती आणि या दुखण्यासाठीच मुदतीआधी निवृत्ती घेतली होती. मोजमापात तिची कधी चूक होत नसे.

तो ब्रेडच्या कारखान्यात भट्टीवरचा मुकादम होता. पाव भाजला गेला की नाही हे घड्याळाकडे न बघता नुसत्या वासावर सांगायचा. अशा माणसाला एक घास गिळता येत नसताना घरात कांदा परतायचा? कॉफी उकळायची? तिला ते क्रूर वाटलं. पदार्थ गरम असला की वासाचे कण हवेत जास्त उडतात, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. म्हणून तिने गरम खाणं सोडलं. मग लसूण, लोणी, कॉफी सोडली. एकदा सुरुवात झाली की सोडायच्या गोष्टी सापडतच जातात. वासाचा साबण गेला, वाचनालयातलं मासिक गेलं, संध्याकाळची कोपऱ्यापर्यंतची फेरी गेली. कामं करता करता गुणगुणायची सवय कधी गेली, ते तिलाही कळलं नाही. शुद्ध पाण्याला रंग नसतो, वास नसतो, चव नसते. तिने आपल्या दिवसांचं तसं पाणी करून टाकलं होतं.

नवऱ्याला यातलं काही तिने सांगितलं नव्हतं. तुम्हाला त्रास नको म्हणून करते, असं सांगणं हाच एक त्रास झाला असता.

नणंदेला मात्र पत्ता लागला होता. एका रविवारी तिने वहिनीला गॅलरीत गाठलंच आणि कारण वदवून घेतलं. आणि नणंदेला कळलं म्हणजे सबंध इमारतीला कळलं.

त्या शनिवारी सकाळी नळी बदलायला नर्स आली होती. चाळिशीची, खळखळून हसणारी, पायऱ्या चढून धापा टाकणारी बाई. तिने नळी बदलली, चिकटपट्टी लावली आणि मोजपट्टी काढून नवऱ्याच्या दंडाला गुंडाळली. पलंगावरच्या माणसाला वजनकाट्यावर कसं उभं करणार? म्हणून दंडाचा घेर मोजायचा.

"तेवीस सेंटिमीटर. टिकून आहात हं, काका!" ती म्हणाली. मग तिची नजर बायकोच्या ट्रे धरलेल्या हाताकडे गेली. "काकू, जरा हात द्या."

"माझा कशाला?"

"द्या हो. खाणार नाहीये मी तुम्हाला."

पट्टी गुंडाळली गेली. नर्सने ती सोडून पुन्हा एकदा लावली.

"एकवीस." तिचं हसू गेलं. "काकू, या घरातला पेशंट नक्की कोण?"

तेवढ्यात नणंद आत आली. हातातल्या पिशवीतून तिने घडी घातलेला कागद काढला. "बरं झालं, सिस्टरही आहेत. वहिनी, महिला मंडळाने यंदा तुझा सत्कार करायचं ठरवलंय. मानपत्र मी स्वतः लिहिलंय. तीनदा फाडलं, तेव्हा कुठे जमलं!"

"ताई, कशाला हे सगळं?"

"कशाला म्हणजे? माझ्या भावासाठी एवढं करतेस, आणि मी गप्प बसू?" नणंदेने चष्मा लावला. भावालाही ऐकू जावं म्हणून आवाज चढवला. "'पतीच्या नाकाला अन्नाचा वास जाऊन त्याचा जीव कासावीस होऊ नये, म्हणून ज्या पत्नीने चौदा महिने गरम घास तोंडात घातला नाही, दारं लावून, उभ्याने, जे गार मिळेल ते खाल्लं, अशा त्यागमूर्तीस…'"

"ताई!"

उशीर झाला होता. पलंगाच्या लोखंडी कठड्यावर ठाण ठाण आवाज येऊ लागला. नवरा डाव्या हाताने कठडा बडवत होता. नर्स धावली. श्वास ठीक होता. त्याला पाटी हवी होती.

ही पाटी म्हणजे पुठ्ठ्यावर बायकोने मोठ्या अक्षरात लिहिलेली मुळाक्षरं, आणि खाली चार शब्द: हो, नाही, दुखतंय, पाणी. तिने ती त्याच्यासमोर धरली. बोट एकेका अक्षरावर जाऊ लागलं. ती सवयीने मोठ्याने जुळवत गेली. दोन मिनिटं लागली.

"मला… वाटलं… तुला… माझी… किळस… येते."



त्याच्या तोंडातून लाळ गळायची. खोकला आला की कफ उशीवर पडायचा. आणि दिवसातून तीन वेळा, बरोबर जेवायच्या वेळेला, बायको दोन दारं लावून घ्यायची. मग चूळ भरल्याचा आवाज, मग दोनदा हात धुतल्याचा. त्याने त्याचा दुसरा काय अर्थ लावायचा होता?

"अहो, नाही हो!" ती ओरडलीच. "देवाशपथ नाही! तुम्हाला वास येऊन वाईट वाटेल, म्हणून मी… किळस कसली? अहो, काय हे!"

बोट पुन्हा अक्षरांवर हललं: चौदा महिने.

तीस वर्षांत तिने एकही अहवाल चुकीचा दिला नव्हता. आणि इथे, स्वतःच्या घरात, एवढी मोठी चूक!

"काकू," नर्स हळू आवाजात म्हणाली, "वासाचा त्रास होतो, असं काका कधी म्हणाले होते का?"

"नाही."

"तुम्ही विचारलंत?"

"नाही."

"नमुना न तपासता निकाल लिहिलात. तुमच्या प्रयोगशाळेत चाललं असतं का हे?"

नणंदेला ते लागलं. "बाई गं, नवरा असा पडलेला असताना बायकोने चवीचवीने खायचं? लोक काय म्हणतील?"

"लोक मानपत्र देतील. आत्ताच वाचलंत की!" नर्सने मोजपट्टी बॅगेत टाकली. "ताई, रागावू नका. मी आठवड्याला अकरा घरी जाते. त्यातल्या सहा घरांत हेच चाललंय. आजारी माणसाला जे मिळत नाही, ते आपणही घ्यायचं नाही. जणू आपण सोडलेलं त्याच्या पोटात जाणार आहे! पेशंटच्या आधी सांभाळणारी बाई आडवी झालेली मी दोनदा पाहिलीय. तेव्हा पेशंटला नळीने भरवायला मंडळातलं कुणी आलं नाही." मग ती काकूंकडे वळली. "काकांना मी बरं करू शकत नाही. कुणीच करू शकत नाही, खोटं कशाला बोलू? दोन न्यूमोनिया होऊन गेलेत, तिसरा येईल. पण उरलेले दिवस काढताना तुमच्या अंगात ताकद हवी. आणि जिभेवर काही चव असेल तर ताकदही जरा टिकते."

पलंगावरून बोट पाटीला लागलं. कांदा. मग, इथे बस.

ती स्वयंपाकघरात गेली. कांदा, लोणी, अंडं, सगळं शेजारणीकडून आणावं लागलं. कांदा लोण्यात परतला, त्यावर अंडं फोडलं, तव्याच्या कडेला ब्रेड टाकला. हातांची सवय मोडली होती. मीठ कुठे ठेवलंय तेच आठवेना. तेवढ्यात कठड्यावर ठाण ठाण झालं आणि नर्सने आतून ओरडून सांगितलं, "काकू, काका म्हणतात ब्रेड करपतोय!"

खरंच करपत होता. ती ताटली घेऊन आली तेव्हा नणंद निघून गेली होती. कागद पिशवीत घालून.

पहिल्या घासाची तिला चवच लागली नाही. रबरासारखा तोंडात फिरला. त्याने डोळ्यांनीच विचारलं, कसं झालंय?

"छान."

बोट 'नाही'वर गेलं. पहिल्यापासून तिचं खोटं त्याला असंच कळायचं.

मग तिने दुसरा घास घेतला. त्याला सांगायचं तर आधी आपल्याला कळायला हवं होतं. ती हळूहळू चावू लागली. "कांदा कडेने कुरकुरीत आहे. आतून गोड लागतो. मीठ कमी पडलंय. करपलेला भाग कडू आहे, पण लोण्याबरोबर चालतोय. बोटांना लागलंय लोणी, गरम आहे अजून." त्याने डोळे मिटले होते. मोकळी नाकपुडी फुलत होती. एक डोळा उघडून त्याने पाटीवर अक्षरं दाखवली: अजून.

त्या दिवसापासून ती त्याच्या शेजारी बसून जेवू लागली. चमत्कार वगैरे काही झाला नाही. लाळ गळत होती, कफ वाढत होता. पण रोज त्याला काहीतरी सांगायचं असायचं, म्हणून ती दुकानात जाताना बघत जाऊ लागली. पिठाच्या पोत्यावर झोपलेला कुत्रा आणि त्याच्या नाकावरचं पीठ. जिन्यातल्या ताज्या रंगाचा वास. सोललेल्या संत्र्याच्या सालीतून उडणारा फवारा; तो तिने त्याच्या नाकाजवळच उडवला, तेव्हा त्याच्या चेहऱ्याची चांगली अर्धी बाजू हसली. त्या वेळी तिला पहिल्यांदा वाटलं, हे अजून आहेत, मीही आहे, आजची दुपार आहे. एवढंच. पण एवढं म्हणावंसं चौदा महिन्यांत वाटलं नव्हतं.

एखाद्या दिवशी तेही जमायचं नाही. "आज कशालाच चव नाही हो," ती म्हणायची. तो बोट 'हो'वर ठेवायचा. एकदा त्याने पाटी भिंतीवर भिरकावली, आणि ती दोन तास त्याच्याशी बोलली नाही.

सत्काराला तिने नकार कळवला. मंडळ नाराज झालं. तो मान दुसऱ्या मजल्यावरच्या, सासूचं करणाऱ्या सुनेला दिला गेला. बहुधा तीही उभ्यानेच जेवत होती.

पुढच्या महिन्यात नर्सने पट्टी लावली. तिचा दंड साडेएकवीस. त्याचा एकवीस.

त्या शनिवारनंतर सातव्या आठवड्यात त्याला ताप आला. पोट अन्न घेईना. डॉक्टरांनी नळीतून देणं थांबवलं आणि घरीच राहू द्या म्हणून सांगितलं. बाहेरच्या खोलीत नातेवाईक जमले, हलक्या आवाजात बोलू लागले. दुपारचा एक वाजला. ती उठली, भात टाकला, त्यावर लोणी घातलं आणि ताट घेऊन पलंगाशी बसली.

"अगं बाई! ही जेवतेय!" बाहेर कुणीतरी कुजबुजलं.

नणंद उठून दारात आली. वहिनीने मान वर केली नाही.

"तांदूळ थोडा कच्चा राहिला," ती नवऱ्याला सांगत होती. "घाई केली मी. वाफ येतेय, लागतेय का तुम्हाला? मधलं लोणी विरघळलंय, कडेचं अजून तसंच आहे."

त्याचे डोळे अर्धवट मिटलेले होते. बोट हलत नव्हतं. ऐकू जात होतं की नाही, ते कळायला काही मार्ग नव्हता. तरी ती प्रत्येक घास नीट चावत होती, त्याची चव शोधत होती आणि सापडेल ती सांगत होती.

नणंद खुर्ची ओढून शेजारी बसली.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "आमच्या ह्यांच्या दुखण्यात मीही पाच महिने असंच केलं. त्यांच्यासमोर घास म्हणून घेतला नाही. सगळे वाहवा करायचे. त्यांनीही असंच काहीतरी समजून डोळे मिटले असतील का गं?"

वहिनी तिच्याकडे सरकून बसली.

"मलाही वाढ," नणंद म्हणाली. "सकाळपासून पोटात काही नाही."

दोघी त्याच्या उशाशी बसून जेवल्या. भात कच्चा आहे, असं नणंदेनेही भावाला सांगितलं. संध्याकाळी तो गेला.

वाचकहो, गरम भाताने कुणाचं मरण टळलं नाही, आणि टळतं असं मी म्हणणारही नाही. पण आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या माणसालाही जीभ असते, भूक असते, आणि दिवसातून एखाद्या घडीला तरी आपण जिवंत आहोत हे जाणवून घ्यायचा हक्क असतो. तुमच्या इमारतीतही अशी एखादी बाई असेल. तिला त्यागमूर्ती म्हणून मोकळे होऊ नका. तासभर तिच्या जागी बसा आणि तिला निवांत जेवू द्या. आणि ती बाई तुम्हीच असाल, तर कुणाच्या परवानगीची वाट पाहू नका. स्वतःला उपाशी ठेवल्याने कुणाचं दुखणं कमी होत नाही. घरातल्या दुखणाइतांची संख्या तेवढी एकाने वाढते.