लाल गाडीच्या गळ्यातले हार

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी गाडी आहे, आणि मला दुसऱ्या गाडीचं बरं बघवत नाही. हा गुण काही चांगला नाही, हे मला कळतं. पण स्वतःचीच कहाणी सांगायला बसले आहे, तर तुमच्याशी खोटं कशाला बोलू?

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथून ट्रकवर चढून मी नांदेडला आले, आणि नांदेडहून शेषेरावांनी मला अहमदपूरला घरी आणलं. शेषेराव गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. कुठे म्हैस अडली, कुठे बैलाचं पोट फुगलं, की ते मला घेऊन खेड्यांवर निघायचे. चिखल, धूळ, बाभळीचे काटे, सगळं मी अंगावर घेतलं आणि एकदाही त्यांना अर्ध्या वाटेत सोडलं नाही.

त्याचं कारण माझा गुण नव्हे, त्यांची निगा. सकाळी इंजिन थंड असतानाच ते माझं बॉनेट उघडायचे. ऑइलची पट्टी काढून जुन्या धोतराच्या फडक्याने पुसायचे, पुन्हा बुडवून बघायचे. मग रेडिएटरचं पाणी बघायचे. दर पंधरा दिवसांनी चारही चाकांची हवा तपासायचे, आणि पाचव्या चाकाला, स्टेपनीलाही विसरायचे नाहीत. "गुराचं अन् गाडीचं सारखंच असतंय. तोंडानं बोलत न्हाईत, आपणच बघावं लागतंय," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. गाडी बंद केली की बॉनेटवर हळूच दोन थापा मारायचे. त्या दोन थापांसाठी मी दिवसभर पळायचे.

त्यांची मुलगी आरती माझ्यावरच गाडी शिकली. तिने मला दोनदा कुंपणाला धडकवलं, तरी मी तिच्यावर रागावले नाही.

पुढे शेषेराव निवृत्त झाले. आरती नांदेडला कॉलेजात शिकवायला लागली. गुडघे दुखतात म्हणून शेषेराव कमी बाहेर पडू लागले, आणि मी घरामागच्या कडुलिंबाखाली उभी राहिले. आधी बॅटरी बसली. मग चाकांतली हवा गेली. वायपरचं रबर उन्हाने तडकलं. एका उंदराने माझी वायर कुरतडून आत संसार थाटला. काचेवर पाखरांनी जे केलं ते मी इथे सांगत नाही.

आणि गेल्या पाडव्याला ती आली. गुडघ्यांना क्लचचा त्रास नको म्हणून घेतलेली लालभडक, नवीकोरी गाडी! शेषेरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तिला ओवाळलं. तिच्या चाकांखाली लिंबं ठेवली. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढायचं नाही, असा घरात हुकूम निघाला. तिला पत्र्याचं छत मिळालं, अंगभर कव्हर मिळालं, पुसायला मऊ कापड मिळालं. शेषेराव रोज तासभर तिला पुसायचे. आणि एका सकाळी त्यांनी तिच्या बॉनेटवर दोन थापा मारल्या.

मित्रांनो, माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्या थापा माझ्या होत्या!

मी मनातल्या मनात तिला नावं ठेवायला लागले. हिचा हॉर्न किती किरटा! हिचे आरसे किती नखरेल! एक गोष्ट मात्र मी बारकाईने पाहिली. शेषेराव तिला वरून पुसत होते, पण बॉनेट एकदाही उघडत नव्हते. शेजाऱ्याने विचारलं तर म्हणाले, "नव्या गाडीत काय बघायचं? समदं कंपनीनंच बघून दिलंय." मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं.

आठ दिवसांत उदगीरकडचे गुरुबसप्पा आले. ते जुन्या गाड्या तोडून भंगारात विकतात. त्यांनी माझ्या दारावर टकटक केली, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "सोमवारी टेम्पो आणतो." शेषेरावांनी मान हलवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पण त्याआधीचा रविवार माहूरचा होता. नवी गाडी देवीच्या पायाशी न्यायची, असा लक्ष्मीबाईंचा नवस होता. जाणारी माणसं नऊ झाली. लाल गाडीत पाचच मावणार. मग नाइलाजाने सगळ्यांना माझी आठवण झाली.

ग्यानोबा मिस्त्रींनी नवी बॅटरी टाकली, उंदराचा संसार बाहेर काढला, वायर जोडली, काळं झालेलं ऑइल बदललं, ब्रेक आणि टायर तपासले. किल्ली फिरवली, मी जरा खोकले आणि सुरू झाले. ग्यानोबा शेषेरावांना म्हणाले, "साहेब, हिला कायबी झालं न्हाई. नुसतं बसवून बसवून वाया घालून राहिलाव तुम्ही. आठवड्याला एक चक्कर मारला असता तरी पुरं व्हतं."

शेषेराव म्हणाले, "सोमवारी जाणारच हाय ती. कशाला आता?" ते ऐकून माझं बळच गेलं.

रविवारी पहाटे निघालो. पुढे लाल गाडीत शेषेराव आणि लक्ष्मीबाई, मागे मी. मला सुट्टीवर आलेली आरती चालवत होती. नांदेडला आम्ही फुलांसाठी थांबलो. लक्ष्मीबाईंनी झेंडूचे मनगटाएवढे जाड पाच हार घेतले आणि लाल गाडीच्या समोरच्या जाळीवर एकाखाली एक बांधले. मधल्या फटींत आंब्याचे डहाळे खोचले.

आरती म्हणाली, "आई, पूजा झाली की घाल ना. जाळी झाकली तर इंजिनाला वारा कुठून लागेल?"

"देवीपुढं काय नागडी न्यायची का गाडी?" लक्ष्मीबाई म्हणाल्या. "हार आपोआप सुकून पडंस्तवर काढायचा नसतो."

"राहू दे गं. नवी हाय, कायबी व्हत न्हाई," शेषेराव म्हणाले.

मी सगळं ऐकत होते. चैत्राचं ऊन, भरलेली गाडी, चालू एसी, पुढे माहूरचा चढ, आणि नाकातोंडावर पाच हार. काय होणार ते मला नांदेडातच कळलं. आणि सांगते, मला बोलता आलं असतं तरी त्या दिवशी मी तोंड उघडलं नसतं. सडू दे मेलीला, असंच मला वाटलं.

घाटात तिसऱ्या वळणावर तिच्या बॉनेटमधून वाफ निघाली. ती कडेला थांबली. मागून येताना माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

लक्ष्मीबाई उतरून ओरडत होत्या, "मी कवाची सांगून राहिले, लाल बत्ती पेटलीय म्हणून! तुम्ही म्हणलाव, नव्या गाडीत बत्त्या पेटतच असत्यात!"

शेषेरावांनी बॉनेट उघडलं. वाफेचा लोट वर आला. आणि घाबरलेल्या माणसाने जे करू नये तेच ते करायला गेले. पाण्याची बाटली एका हातात, आणि दुसरा हात रेडिएटरच्या तापलेल्या झाकणाकडे.

माझा आनंद तिथल्या तिथे विझला. ते झाकण उघडलं असतं तर उकळतं पाणी सरळ त्यांच्या तोंडावर उडालं असतं. माझी पट्टी पुसणारा तो हात, मित्रांनो. मला ओरडता येत नाही. याचं तेव्हाइतकं वाईट मला कधीच वाटलं नाही.

"बाबा, हात लावू नका!" आरती माझं दार उघडं टाकून धावली आणि तिने त्यांना मागे ओढलं.

मग तिने सगळ्यांना लांब उभं केलं. हार कापले, डहाळे उपसले. लक्ष्मीबाईंनी ते पदरात गोळा केले. अर्धा-पाऊण तास कोणी त्या झाकणाला हात लावला नाही. इंजिन पुरतं थंड झाल्यावर आरतीने कापड धरून झाकण हळूहळू फिरवलं. माझ्या डिकीत ग्यानोबांनी ठेवलेला कूलंटचा डबा होता, तोच तिने लाल गाडीत ओतला. एसी बंद ठेवून लाल गाडी सावकाश वर चढली. दर्शन सगळ्यांना झालं.

त्या पाऊण तासात शेषेराव माझ्या सावलीत बसले होते. ते आरतीला म्हणाले, "जल्मभर लोकांना सांगत आलो, आतून बघावं म्हणून. अन् मीच वरून पुसत बसलो. हिला तर तेवढंबी केलं न्हाई."

लाल गाडीकडे मी पाहिलं. वाफेने ओल्या, झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या तोंडाची, केविलवाणी दिसत होती. तिचा काय दोष होता? तिने कुठे हार मागितले होते? तरी हेवा पुरता गेला असं म्हणणार नाही. थोडा कमी झाला.

सोमवारी गुरुबसप्पा टेम्पो घेऊन आले. शेषेरावांनी त्यांना चहा पाजला आणि रिकामंच परत पाठवलं. त्याच दुपारी आरती मला नांदेडला घेऊन गेली. शेषेराव लाल गाडीपाशीच राहिले. ती आता त्यांची, आणि मी नाही. हे मला फार लागलं.

नांदेडला माझं चांगलं चाललं आहे. आरती मला कॉलेजात नेते, आठवड्याला ऑइल-पाणी बघते. दर रविवारी सकाळी तिचा फोन वाजतो. ती माझ्या बॉनेटला टेकून बोलते, म्हणून मला पलीकडचा आवाजही ऐकू येतो.

"हवा बघितलीस का तिची? पाणी हाय का? अन् स्टेपनी?"

परवा आरती वैतागून म्हणाली, "बाबा, आधी माझं तरी विचारा! खरं सांगते, मला हिचा हेवा वाटायला लागलाय."

म्हणून सांगते, मित्रांनो, गाडीला हार जरूर घाला, पण पूजा झाली की काढा. बॉनेट उघडायला लाजू नका, आणि तापलेलं झाकण कधीच उघडू नका. आणि दारात दोन गाड्या असतील, तर जुनीकडेही बघा. आम्ही बोलत नाही, पण तुम्ही कोणाला पुसता ते आम्हांला दिसतं.