लाल शेरा आला नाही

वहाबची खाट ऑपरेशनच्या खोलीत नेली, दार मिटलं. शिरीषरावांनी मांडीवरचं पुस्तक उघडून आतलं पत्र बाहेर काढलं. दोन महिन्यांपूर्वी हर्णैहून वहाबच्या बायकोने, ताजुन्निसाभाभींनी, ते रियाधला, शिरीषरावांच्या मुलीच्या पत्त्यावर पाठवलं होतं. फोन केला असता तर वहाबने ऐकलं असतं.

'भाऊ, यांच्या पायाची नस भरली आहे. पन्नास पावलांवर पाय ओढतो, पाऊल गार पडतं. आमचा इमाद तिकडे रियाधला बोलावतो. नसेत बारीक तार घालून उजेडाने आतून बघतात म्हणे. जाऊ देऊ का? तुम्ही वाचता, तुम्हीच सांगा.'

त्यांनी खरंच वाचलं होतं. हाती येईल ते सगळं. चार वेळा उत्तर लिहायला घेतलं आणि चारही वेळा 'परंतु'पाशी पेन थांबलं. होय म्हणावं आणि पाय गेला तर? नाही म्हणावं आणि तरीही गेला तर? शेवटी काहीच लिहिलं नाही. तरी वहाब आला होता.

"अंकल, चाय?" इमादने विचारलं. त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते इमादला कळलं नसावं. त्याने आणला.

दीड तासाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी पडद्यावर नसेचा आडवा छेद दाखवला, करड्या कड्यांसारखा. जुन्या गाठीपाशी तार नसेच्या भिंतीत घुसू पाहत होती. उजेडात ते दिसलं, म्हणून वळवता आली. रस्ता मोकळा झाला होता. शिरीषराव चित्राकडे पाहत राहिले. जुबैलच्या कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं असंच पाइपांच्या आत डोकावून पाहिलं होतं.

आत गेल्यावर वहाबनेच आधी विचारलं,

"जेवलात का, साहेब?"

"वहाब, भाभींचं पत्र आलं होतं. मी उत्तर दिलं नाही."

"दिलंत की."

"नाही रे, खरंच नाही."

"जुबैलला तुमची रीत काय होती? पाइपात खोट असली की तासाभरात लाल शेरा. ठीक असला की कागदच नाही. आम्ही समजायचो, चालू करा. तिने मला पत्राचं सांगितलं तेव्हा म्हटलं, महिना झाला, साहेबांचा लाल शेरा नाही. म्हणजे जायचं."

"आणि त्यांनी मानलं?"

"तुमचं म्हटल्यावर मानलं. माझं कधी मानते?"

शिरीषरावांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "अरे, पण तो होकार नव्हता. मला ठरवताच येत नव्हतं."

"ते काय मला ठाऊक नाही?" वहाब हसला. "चहात साखर एक की दीड, यावर तुमचा चहा गार व्हायचा."

"मग असं का सांगितलंस?"

वहाबने छताकडे पाहिलं. "मला चालायचं होतं, साहेब. आणि ती एकटीने हो म्हणायला घाबरत होती. आता तिला काही बोलू नका. खलास."

शिरीषराव उठले. थोडे घुटमळले. मग चादरीची कड उचलून त्यांनी वहाबच्या पावलावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच बत्हाच्या बाजारात गेले. पोस्टातल्या बाकावर बसून त्यांनी लिहिलं:

'भाभी, मी गप्प राहिलो तो होकार नव्हता, भित्रेपणा होता. वहाबने तुम्हाला सांगितलं ते त्याच्या पदरचं. त्याला रागवा, पण घरी आल्यावर, आणि बेताने. सकाळी तो खोलीपासून लिफ्टपर्यंत चालला आणि परत आला. पाय गरम आहे. मी हात लावून पाहिला.'

पुन्हा वाचलं असतं तर काहीतरी खोडलं असतं. त्यांनी न वाचताच पाकीट चिकटवलं, पत्ता घातला आणि खिडकीतून आत दिलं.