टेकाडावरची डुकरं

हर्षाली करवंदीच्या जाळीआड थांबली. कडेवरच्या श्रेयानं आवाज करू नये म्हणून तिच्या हातात बिस्किट दिलं. वर कातळावर सुदर्शन पाठमोरा बसला होता. मान खाली, अंगठा चालूच.

महिना झाला, नवरा जेवण टाकून भर दुपारी टेकाडावर येत होता. म्हणे घरात रेंज नाही. ही जवळ गेली की मोबाइल पालथा. शेजारची प्रयागबाई नाचणी पाखडता पाखडता बोललीच होती, "बाप्या एकटा टेकाड चढत नसतो गं. कुणीतरी वडून नेतं." आज सकाळी हर्षालीनं पोरीची झबली पिशवीत भरली होती. संशय खरा निघाला तर तळेघरहून एसटी धरायची, थेट माहेरी, पेठ गावी.

तेवढ्यात सुदर्शन फोनवर हळूच बोलला, "आजचं तुझंच करतोय. नाय, घरी कुणाला कळलं न्हाई. ठेवतो."

तिनं पाठीमागून मोबाइल हिसकावला.

पडद्यावर बाई नव्हती, गेम चालू होता. एक दाढीवाला शिपाई रानडुकराला तलवारीनं हाणत होता. त्याच्या डोक्यावर नाव होतं, अनस. जुन्नरचा अनस शिंपी, नवऱ्याचा कॉलेजातला दोस्त. तिच्या लग्नातलं पोलकं त्यानंच शिवलेलं. दीड महिन्यापूर्वी टेंपोच्या फाळक्यात त्याचा उजवा हात चेंगरला होता.

तरी तिचं मन मानेना. "रोज हेच? डुकरं?"

"शंभर मारली की गड्याची ताकद इवलीशी वाढती. मग परत शंभर." सुदर्शन ओशाळला. "लई कटाळवाणं हाय. पण मागं पडला तर गेमातल्या टोळीतनं काढत्यात त्याला."

"तुमाला काय त्याचं?"

"सावड हाय. लावणीत मी चिखलात व्हतो, तवा पंधरा दिस त्यानं माझा गडी चालवला. आता मी त्याचा."

सावड तिला कुणी शिकवायला नको होती. तिच्या खाचरात शेजारणी वाकल्या होत्या, त्यांच्या खाचरात ती. पण सावड दडवून कोण करतं?

"मग चोरून कशापायी?"

"त्यानंच शपथ घातली. टोळीला हाताचं ठावं न्हाई. तितं त्यो अजून पैल्यासारखाच धडधाकट हाय."

"हात बरा झाला की खेळंल की त्याचा त्यो."

सुदर्शननं मोबाइल मागून घेतला. "डाक्टरनं आशा सोडलीया." नवं डुक्कर आलं, त्याला हाणू लागला.

हर्षाली थोडा वेळ त्याच्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग तिनं श्रेयाला त्याच्या मांडीवर ठेवलं.

"जावा, जेवून या. कुटं दाबायचं तेवढं दावा."

पहिलं डुक्कर तिच्या हातून नवव्या घावाला पडलं. झुडपातून दुसरं आलं.