गडद रंगांचा गुंता

गिबी मॅनसनला विणकामातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी दर मंगळवारी दुपारी तो गावच्या हॉलमध्ये बायकांच्या घोळक्यात जाऊन बसायचा. स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलंडमधल्या येल बेटावर ये-जा करणाऱ्या फेरीबोटीच्या इंजिनाशी झटापट करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. निवृत्त झाल्यावर एकदा तो हॉलचा बिघडलेला हीटर बघायला आला, तर विल्मा मांडीवर लोकरीचा भलामोठा गुंता घेऊन शिव्या घालत बसलेली. गिबीने हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "आण इकडे." हीटर त्या दिवशी तसाच राहिला.

तेव्हापासून कुणाचीही लोकर गुंतली की ती गिबीकडे जायची.

"आला गं आपला गुंतेवाला," विल्मा म्हणायची. "त्याला चहा द्या, बिस्किटं द्या, पण प्रश्न विचारू देऊ नका."

कारण गिबीच्या डोक्यात किडा शिरला होता. गुंता सोडवण्यापेक्षा त्याला तो होतो कसा याचंच कोडं होतं. कुणी लोकरीचा गुंडा मगमध्ये ठेवायची, कुणी फुटक्या किटलीत घालून धागा तोटीतून काढायची. गिबी ते सगळं वाकून वाकून बघायचा आणि विचारायचा, "पण दोन रंग एकमेकांत शिरतात कधी?"

"शिरतात म्हणजे शिरतात," विल्मा फटकारायची. "माझा नवरा घोरतो. का घोरतो, हे विचारत बसले का मी कधी?"

नीट उत्तर दिलं ते एकट्या ऑस्ला हॅल्क्रोने. अख्ख्या बेटावर तिच्यासारखा हात नव्हता. कमरेच्या चामडी पट्ट्याच्या भोकात सुईचं टोक रोवून ती विणायला बसली की बोलायची समोरच्याशी, बघायची खिडकीबाहेर, आणि नक्षी आपली खाली उतरत राहायची. "एका ओळीत दोनच रंग, गिबी," ती म्हणाली होती. "एकाचा गुंडा उजवीकडे, दुसऱ्याचा डावीकडे. एक कायम वरून येणार, दुसरा कायम खालून. दोघांनी आपापली वाट सोडली नाही तर भांडण होईलच कशाला?"

तीच ऑस्ला या हिवाळ्यात कागदी पिशवी घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. पिशवीत लोकरीचं नुसतं घरटं झालं होतं.

"मांजराने केलं," ती म्हणाली.

"तुझं मांजर?" विल्मा हसली. "ते तर जेवायलासुद्धा शेगडीपुढून उठत नाही."

ऑस्ला हसली नाही. पुढच्या मंगळवारी तिने आणखी एक पिशवी आणली आणि त्यापुढे आणखी एक. आता तिला हॉलवर विल्माच घेऊन यायची. गाडीची बॅटरी उतरली होती म्हणे. "बघू का मी बॅटरी?" असं गिबीने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने विषय बदलला.

शेवटची पिशवी गिबीने घरी नेली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर दिव्याखाली पसरली. मांजराचा गुंता त्याने पाहिला होता. त्यात केस असतात आणि चावलेली टोकं असतात. इथे एकही केस नव्हता. विणताना पडलेला पीळ एकाच दिशेचा असतो, विणकाम हवेत लोंबतं सोडलं की गरगर फिरून आपोआप सुटतो. इथे पीळ कधी इकडचा, कधी तिकडचा. आणखी एक गोष्ट त्याच्या बोटांना लागली. धागा सरळ नव्हता, बारीक बारीक लाटांचा होता. विणून उसवलेल्या लोकरीला टाक्यांचा आकार राहतो. हा धागा विणला होता, उसवला होता, पुन्हा विणून पुन्हा उसवला होता.

मग त्याने रंग वेगळे केले. पांढरा आणि पिवळा स्वच्छ, गुळगुळीत निघाले. सगळा घोळ होता काळ्या, गडद तपकिरी आणि गडद निळ्याचा. काळ्याच्या गुंड्यात आत तपकिरी गुंडाळला होता आणि तपकिरीत निळा.

गिबीने ते तिन्ही रंग दिव्याजवळ शेजारी शेजारी ठेवले. आपल्याला काय कळलंय हे त्याच्या ध्यानात आलं, आणि ते कळलं नसतं तर बरं झालं असतं, असंही त्याला वाटून गेलं.

सकाळी तो ऑस्लाच्या घरी गेला. आधी अंगणातल्या गाडीत बसून त्याने किल्ली फिरवली. ती शेटलंडमधल्या सगळ्या गाड्यांसारखी आतच होती. गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली.

ऑस्ला दारात आली. "कुणी सांगितलं होतं तुला?"

"बॅटरी ठणठणीत आहे गं."

"बरं मग. चहा पिऊन जा."

आत तिची खुर्ची खिडकीला इतकी चिकटवून ठेवली होती की पडदा तिच्या खांद्यावर येत होता. गिबीने सोडवलेले गुंडे टेबलावर मांडले. मनात तयार केलेलं बोलणं त्याला आठवेना. शेवटी दोन गुंडे उचलून तिच्यासमोर धरत तो म्हणाला, "ऑस्ला, यातला काळा कुठला?"

तिने गुंडे हातातही घेतले नाहीत. शेगडीपुढचं मांजर तेवढं कूस बदलून झोपलं.

"तुझं नाक कुठे कुठे खुपसणार आहेस, गिबी?"

"चुकलंच माझं. असं विचारायला नको होतं."

"नको होतं ते विचारलंस ना? मग ऐक आता. डावा काळा. नाही, थांब. उजवा." ती खाली बसली. "उजेडात नेलं की जरा कळतं. मधोमध धुरकट डाग दिसतो, कडेचं नीट दिसतं. तपकिरी समजून काळा विणते, सकाळी खिडकीत बघते, आणि सगळं उसवते. गाडी तर मीच बंद केली, आडवं आलेलं कुत्रं चाकाखाली येता येता वाचलं तेव्हापासून. हॉलमध्ये बोललास तर याद राख."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं की तो म्हणणार, विणणं बंद. मग मी काय करू, खिडकीत बसून मेंढ्या मोजू? त्याही दिसायच्या नाहीत."

घरी परतताना गिबीच्या डोक्यात चक्रं सुरू झाली होती. इंजिनरूममध्ये धुराने डोळे चुरचुरत तेव्हा कुठला भाग खराब झालाय हे तो कानाने ओळखायचा. मग लोकर का नाही?

भाचीच्या मुलांच्या चॉकलेटच्या अंड्यांमधून निघणाऱ्या पिवळ्या प्लास्टिकच्या डब्या त्याने मागून आणल्या. एकीत तांदूळ भरले, एकीत बार्ली, एकीत मासेमारीचे शिशाचे मणी. प्रत्येक डबीवर एकेक गडद रंग गुंडाळला आणि ते गुंडे ऑस्लाकडे नेले.

तिने एक कानाशी हलवला, मग दुसरा. "हे दोन्ही सारखेच वाजतात की."

"तांदूळ आणि बार्ली. बरोबर आहे. लोकरीच्या आत दोन्ही सारखेच."

"म्हणजे इतका शहाणा नाहीस तू," ती म्हणाली. महिन्याभरात ती पहिल्यांदा हसली.

मग दोघांनी मिळून तिचं कपाट धुंडाळलं. बार्लीच्या जागी बटणं आली. त्यांचा खडखडाट निराळा होता. काळ्यात शिसं, तपकिरीत बटणं, निळ्यात तांदूळ. गुंडे जमिनीवर घरंगळत वाजायला लागले तसं ते जगप्रसिद्ध आळशी मांजर उठलं आणि त्यांच्यामागे सुसाट धावलं. तेव्हा तिन्ही गुंडे झाकणाच्या बरण्यांत गेले. झाकणाला भोक, भोकातून धागा. रंग बदलायचा झाला की ऑस्ला बरणी उचलून हलवायची.

हॉलमध्ये ती त्या बरण्या घेऊन आली तेव्हा विल्मा म्हणाली, "हे काय, बँड काढलास की काय?"

ऑस्लाने विणकाम मांडीवर ठेवलं. "मला गडद रंग दिसत नाहीत, विल्मा. बरेच दिवस झाले. मांजराचा यात काही दोष नाही."

विल्माने आपली खुर्ची सरकवत तिच्याजवळ आणली आणि निळ्याची बरणी हलवून पाहिली. "मग मी दर मंगळवारी तुला आणायला येत होते, तेव्हा बोलली का नाहीस, मूर्ख बाई?" मग नाक पुसून तिने विचारलं, "यात तांदूळ आहेत ना?"

डॉक्टरकडे मात्र ऑस्ला गिबीसोबत गेली. मोठ्या बेटावरच्या लर्विक शहरातल्या दवाखान्यात तपासणी झाली. एका डोळ्याचं आता काही होणार नव्हतं. दुसऱ्यात इंजेक्शनं देत राहिलं तर आहे तेवढं टिकण्याची आशा होती. "विणू ना?" असं तिने विचारलं, तर डॉक्टर म्हणाल्या, "जरूर विणा, फक्त दिवा चांगला घ्या."

परतीच्या बोटीवर वारा होता, म्हणून दोघं डेकवर लावलेल्या गाडीतच बसून राहिले. ऑस्लाने पिशवीतून अर्धवट बाही काढली आणि बरण्या पायाशी ठेवल्या. इंजिन धडधडायला लागलं तसा अख्खा डेक थरथरू लागला. तिने एक बरणी उचलून हलवली, कानाशी नेली, पुन्हा हलवली.

गिबीचा चेहरा पडला. "या आवाजात काही ऐकू यायचं नाही. हे माझ्या लक्षातच आलं नाही बघ. जन्म गेला इथे आणि तरी..."

"गप्प बस जरा," ऑस्ला म्हणाली. तिने बरणी तळहातावर तोलली. ती ठेवून दुसरी उचलली, मग तिसरी. मग पहिलीतला धागा ओढून सुईवर घेतला.

"काळा," ती म्हणाली. "शिसं जड असतं रे, गिबी. ऐकायची गरजच नाही."

गिबीने तिच्या हातातून बरणी घेतली, डोळे मिटले आणि तोलून पाहिली. मग मागच्या सीटवरची तिची लोकरीची दुसरी पिशवी ओढून, आणखी कुठल्या रंगात किती वजन घालावं याचा अंदाज घेत, तो एकेक गुंडा काढून हातात तोलायला लागला.